पाच फेऱ्यांची शिक्षा

गणिताच्या बाईंनी खेळाचा तास गिळला, त्याला तीन महिने झाले होते. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली, उड्या मारून का कुणाला भागाकार येतो, असा त्यांचा रोखठोक सवाल. खेळाच्या सरांनी कुरकुर करून पाहिली, पण बाईंपुढे त्यांची डाळ शिजली नाही. मैदान उरलं ते फक्त शिक्षेपुरतं. गृहपाठ केला नाही की पाच फेऱ्या, आणि मग तसंच घामाघूम येऊन रोजच्या चाचणीला बसायचं.

इथेच सगळं बिनसलं. मागच्या बाकांवरची पाच-सहा उनाड कार्टी फेऱ्या मारून आली की चक्क बरोबर गणितं सोडवू लागली! खेळाचे सर उत्तरं सांगतायत, दुसरं काय, असं बाईंनी ठरवूनच टाकलं. एकदा त्या मैदानाच्या कडेला दबा धरून उभ्या राहिल्या. उत्तरं कसली नि काय, कार्टी धापा टाकत नुसती खिदळत होती. चाचणीचा कागद तर बाईंच्याच पर्समध्ये होता.

खरी बोच वेगळीच होती. त्यांची लेक त्याच वर्गात, पहिल्या बाकावर. गृहपाठ कधी चुकवायची नाही, म्हणून फेऱ्याही कधी नशिबी नाहीत. दिवसभर बसून बसून पोरगी पार कोमेजली होती. घरी पटापट सुटणारी गणितं चाचणीत दिसली की नुसती कागदाकडे बघत राहायची. गुण घसरत चालले आणि आईचा जीव टांगणीला लागला. यावर आईने उपाय काय काढावा, तर घरी आणखी एक तास अभ्यास. आता काय म्हणावं या बाईला!

सोमवारी बाईंनी विचारलं, गृहपाठ कुणाचा राहिलाय. मागचे नेहमीचे हात वर झाले. आणि पहिल्या बाकावरून लेक उठली.

"बाई, माझा नाही झाला."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. काल संध्याकाळी त्यांनीच तिची वही तपासली होती. ती वही आत्ताही दप्तरातून डोकावत होती. लेक मान खाली घालून उभी, कान लालबुंद. पोरगी कधी खोटं बोलायची नाही, आणि बोलली ती पळायला मिळावं म्हणून. बाईंना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी खडू खाली ठेवला आणि सगळ्या वर्गालाच मैदानावर जायला सांगितलं. उद्यापासून खेळाचा तास सरांचा, हेही सांगून टाकलं. पोरं बाकांवरून उड्या मारत निघाली. लेक मात्र दारात घुटमळली.

"शिक्षा म्हणून, बाई?"

"नाही गं बाळा," बाई वर्गात पहिल्यांदाच आईच्या आवाजात म्हणाल्या. "अशीच. पळ."