आत्याचा तीनशे सत्तावीस

अरे बसा ना जरा नीट, सांगते ना! पण पहिल्यापासून सांगणार हं, नाहीतर मध्येच "पण मग उडी मारली कुणी?" करत बसाल आणि माझा सगळा मूड घालवाल.

तर आमच्या उड्यांच्या क्लबाच्या जुन्या मैदानावर एक पत्र्याची शेड होती. दुपारी आत शिरलं की नायलॉन, घाम आणि विमानाचं इंधन असा एकदम मिळून वास यायचा. अजूनही कुठे नवा तंबू उघडला ना, की मला ती शेड आठवते. त्या शेडच्या लाकडी दारावर पांढऱ्या रंगात, ओघळ आलेल्या अक्षरात लिहिलेलं होतं, ३२७. बस, एवढंच. नव्या माणसाला वाटायचं खोली नंबर असेल. तो होता माझ्या आत्याचा वेग, विमानातून उडी मारून खाली येतानाचा. ताशी तीनशे सत्तावीस किलोमीटर. डोकं खाली, पाय वर, सरळ बाणासारखी.

आणि हा आकडा काढला होता माझ्या बाबांनी.

बाबा शाळेत गणित शिकवायचे. उंचीची इतकी भीती की घरातला बल्ब बदलायला स्टुलावर आई चढायची आणि बाबा खाली स्टूल धरून "सांभाळून, सांभाळून" करायचे. पण धाकट्या बहिणीची उडी असली की हा माणूस शाळेतलं स्पर्धेचं स्टॉपवॉच आणि ही एवढी दुर्बीण घेऊन मैदानात गवतावर उताणा! मी शेजारी. विमान म्हणजे वर एक माशी. मग एकदम बाबा ओरडायचे, "निघाली! निघाली! अगं बघ, निघाली!" आणि मग खटकन बटण. छत्री, म्हणजे पॅराशूट, उघडली की परत खटकन. मग वहीच्या पाठीमागे भागाकार. किती मीटर पडली, भागिले किती सेकंद. तेव्हा काही हेल्मेटात बसवायची यंत्रं नव्हती, बाबाच यंत्र.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आजारपणात, घरी. लोक लगेच "छत्री उघडली नाही का?" असा चेहरा करतात म्हणून आधीच सांगून टाकते.

तर तो आकडा. क्लबातले सगळे त्यावरून आत्याला छळायचे. आमचा दाढी, तोच तो, ज्याची दाढी हेल्मेटच्या पट्ट्यात अडकते, तो तर रोज. "आत्या, तीनशे सत्तावीस? त्या काळात? तुम्ही काय खिशात दगड घेऊन उडी मारलीत?" आत्या म्हणायची, "माझ्या दादाचा भागाकार कधी चुकला नाही. तुझ्यासारखा तो बोटं मोजत नव्हता." पण आतून ना, तिला ते लागायचं. मला माहितीये. गुडघा गेल्यावर तिने उड्या थांबवल्या आणि विमानाच्या पायऱ्यांशी उभी राहायला लागली. तपासणीला.

आता ही तपासणी म्हणजे काय, ते ऐका, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. आमच्याकडे तीनदा बघतात. एकदा आपली आपण, छत्री अंगात घालायच्या आधी, एकदा विमानात चढताना, आणि एकदा वर, दार उघडायच्या आधी. आणि स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही ना, म्हणून दुसरा माणूस लागतोच. चढतानाची तपासणी आत्याची. छातीचा पट्टा, मांड्यांचे पट्टे, मनगटावरचं उंची दाखवणारं घड्याळ, मुख्य छत्री सोडून द्यायची मूठ, राखीव छत्रीची मूठ. मग फिर. पाठीवरची झडप उचलून पिन बघायची, लूप बघायचा. आणि हे सगळं नुसतं बघून नाही हं, प्रत्येक गोष्टीला बोट लावून. शेवटी हेल्मेटवर दोन टपल्या. टपल्या पडल्या नाहीत तर तुम्ही जमिनीवर, मग तुम्ही कुणीही असा. दाढी एकदा नवाकोरा सूट घालून ऐटीत आला आणि छातीचा पट्टा बकलातून उलटा ओवलेला. आत्याने परत पाठवला. हा म्हणे, "आत्या, आठशे उड्या मारल्यात मी!" ती म्हणाली, "हो का? मग आता पट्टा घालायला शिकायला हरकत नाही."

आणि तिचा एक नियम होता, घरच्याने घरच्याला तपासायचं नाही. नवरा-बायको नाही, भाऊ-भाऊ नाही. "घरच्याचा हात मऊ पडतो," म्हणायची. म्हणून मी तिची सख्खी भाची असून माझी पाठ कायम दुसऱ्याने बघितली. आत्या तेव्हा मुद्दाम तोंड फिरवून उभी राहायची, अगदी शेंगा खात.

मग कळलं की मैदान जाणार. जागा दुसऱ्या कुणी घेतली, आम्हाला लांब दुसरीकडे धावपट्टी मिळाली. सामान हललं. आणि आत्याने जाहीर केलं, "शेवटच्या फेरीत मी उडी मारणार. हेल्मेटात ते यंत्र लावून. एकदा काय तो निकाल लागू दे. याच मैदानावर."

शेडमध्ये नुसता गोंधळ! दाढीने पैज लावली की दोनशे सत्तरच्या वर जात नाही. पण आत्याने उगाच हट्ट नाही केला हं, सगळं रीतसर. डॉक्टरकडे जाऊन आली. तो म्हणाला, उभ्याने उतरायचं नाही, बसून घसरत उतरा. नव्या पोरांबरोबर जमिनीवर पालथं पडून सराव केला. क्लबच्या छत्रीवर दोन साध्या उड्या मारून दाखवल्या. मग माळ्यावरून स्वतःची जुनी छत्री काढली, तीच, निळी. राखीव छत्रीची घडी परवानावाल्या माणसाकडून घालून घेतली, त्याचा लाल धागा आणि शिक्का मला कौतुकाने दाखवला. माणूस बेशुद्ध पडला तर राखीव छत्री आपोआप उघडणारी ती पेटी असते ना, तीही नवी बसवली. मुख्य छत्रीची घडी आपली आपण घालायची असते. ती तिने घरी घातली, दार लावून. मी म्हटलं मदत करू का, तर, "तू जा गं, चहा टाक."

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शेवटचा दिवस. ऊन उतरलेलं. शेडमध्ये आता काही उरलं नव्हतं, क्लबच्या सगळ्या छत्र्या आदल्या दिवशीच ट्रकमधून गेलेल्या. आमचा पायलट, त्याला सगळे कॅप्टनच म्हणतात, इंजिन चालू करून घड्याळ बघतोय. आम्हाला सोडून तो तसाच नव्या धावपट्टीवर जाणार होता, अंधार पडायच्या आत. म्हणजे परत फेरी नाही. आम्ही रांगेत. आत्याने सगळ्यांना तपासलं, टपल्या दिल्या. मला तेवढं दाढीने तपासलं. आणि मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"चल, मला तू बघ."

"मी? अगं, घरच्याने..."

"शेवटचा दिवस आहे. बघ म्हटलं ना."

काय सांगू, इतकं भारी वाटलं! मी लागले एकेक करून. छातीचा पट्टा. मांड्या. मुठी. घड्याळ. "फिर," म्हटलं मी, अगदी तिच्या आवाजात, सगळे हसले. झडप उचलली, पिन ठीक, आणि लूपला बोट लावलं.

लूप म्हणजे काय, करंगळीएवढा दोरीचा फास. त्यातून पिन जाते आणि तेवढ्यावर सगळी छत्री पाठीवर बंद राहते. दोन-चार रुपयांची गोष्ट, झिजली की बदलतात. आत्याचा लूप पिवळा पडलेला. आणि पिनेखाली अर्धा कातरलेला, बारीक बारीक तंतू वर आलेले. असा लूप तुटला तर छत्री दारातच उघडते, माणसाला खेचते ती थेट विमानाच्या शेपटीवर. किंवा डोकं खाली करून सुसाट पडताना उघडते, आणि मग माणूस... जाऊ दे.

मी झडप तशीच धरून उभी. इंजिनाचा आवाज. कॅप्टन ओरडतोय, "आत्याबाई, सूर्य तुमचा भाऊ लागत नाही, थांबणार नाही तो!" आणि मला काय काय वाटलं सांगू? वाटलं, अर्धा तर आहे ना शाबूत. एकच तर उडी. आणि तिने इतकी वर्षं... माझा हात खरंच हेल्मेटपर्यंत गेला. आईशप्पथ, गेला.

"आत्या," म्हटलं, "लूप गेलाय."

ती वळली नाही. "एका उडीला चालेल तो."

"अर्धा तुटलाय!"

"दादाने बांधलाय तो," ती म्हणाली. हळू. इंजिनात मला जेमतेम ऐकू आलं. "लूप तोच बांधून द्यायचा मला. शेवटची गाठ त्याने घातली होती. तीच ठेवली मी."

दाढीला वाटलं आम्ही गप्पाच मारतोय, तो म्हणाला, "अगं दे की टपल्या!" मी म्हटलं, "लूप तुटलाय." आणि तो धावत झडपेशी आला. कारण या बाईने असल्या लूपवरून आम्हा प्रत्येकाला एकदा तरी रडवलंय. मग तोच बोटं मोजत, "बदलायला किती वेळ... नाही, परत घडी घालायची म्हणजे... नाही जमणार." दुसरी छत्री नाही. वेळ नाही. कॅप्टनने नुसतं घड्याळावर बोट ठेवलं.

मी म्हटलं, "आत्या, तू खाली थांब."

सांगताना सोपं वाटतं. मला तेव्हा रडू फुटत होतं. ती वळली, माझ्याकडे बघितलं, चिडलेली, खूप. मग तो चिडलेला चेहरा हळूहळू सैल पडला आणि ती म्हणाली, "दाढीने पाहिलं असतं तर सरळ खाली बसवलं असतं. मला वाटलं, तुझा हात मऊ पडेल."

"म्हणून मला बोलावलंस? आत्या!"

"हो, म्हणून." आणि तिने छातीचा पट्टा सोडला. "चल, ते यंत्र तुझ्या हेल्मेटात घाल. उगाच इंधन जाळू नका."

मग पिशवीतून काय काढलं माहितीये? दुर्बीण. आणि ते स्टॉपवॉच. बरोबर आणलं होतं तिने, नुसतं असावं म्हणून. आमचा चष्मिस गाडी न्यायला खाली थांबणार होता, त्याला म्हणाली, "कुठून निघाली, कुठे छत्री उघडली, त्या उंच्या ही उतरली की विचारून लिहून घे." आणि गुडघा सावरत सावरत बसली गवतावर, मग उताणी झाली. बाबा पडायचे तिथेच, शेडच्या सावलीच्या पुढे.

वर काय झालं ते थोडक्यात, नाहीतर दाढी स्वतःचंच सांगायला लागेल. दार उघडलं, खाली सगळं सोनेरी, शेड म्हणजे काडेपेटी. मी निघाले. डोकं खाली, हात अंगाला घट्ट. वारा कानात असा की विचारच करता येत नाही. तरी एक विचार आला, की खाली कुणीतरी माझ्याकडे दुर्बिणीतून बघतंय. लहान असताना मी त्या बाजूला होते, आता या बाजूला. बास, तेवढ्यात उंची संपली आणि छत्री उघडली.

उतरले तर आत्या अजून उताणी. केसांत गवत, अंगठा बटणावर तसाच दाबलेला.

चष्मिसने तिथल्या तिथे हिशोब केला, बाबांच्याच पद्धतीने. किती पडली भागिले किती वेळ. "तीनशे अठरा!" दाढी छत्री गुंडाळत धावत आला, "काहीतरीच! यंत्र बघा." यंत्रातून तोच हिशोब काढला, तेवढीच उंची, पण खरा वेळ. दोनशे सहासष्ट.

दाढी म्हणाला, "भागाकार चुकला असेल." चष्मिसने परत केला. तेच. मग तो चष्मा पुसत म्हणाला, "आत्या, तुम्ही बटण उशिरा दाबलंत. आधी दोनदा 'निघाली, निघाली' ओरडलात. मग दाबलंत. तेवढा वेळ कमी भरला, म्हणून वेग जास्त."

आत्या उठून बसली होती. ती त्या घड्याळाकडे बघत राहिली. मग हसायला लागली, म्हणजे इतकी, की डोळ्यातून पाणी, गुडघा धरून, "अगं बाई, अगं बाई," करत. "म्हणजे प्रत्येक वेळी! प्रत्येक वेळी तो आधी ओरडायचा!" मी पण हसायला लागले आणि मग हसता हसता आम्ही दोघी काय करत होतो ते मला नीट सांगता येणार नाही. विमान डोक्यावरून एक घिरटी घालून गेलं. दाढीने पैजेचं नावसुद्धा काढलं नाही, आणि दाढीने गप्प बसणं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे.

आत्याचा खरा वेग किती होता, ते राहिलंच शेवटी. नंतर गुडघ्याने अगदीच दगा दिला. तो लूप तिने त्याच संध्याकाळी काढला, गाठीसकट, आणि स्टॉपवॉचच्या डबीत ठेवला. छत्रीला नवा लावला आणि छत्री मला दिली.

जाताना आम्ही शेडचं दार बिजागरीतून उचकटून गाडीच्या टपावर बांधलं. आता नव्या मैदानावर ते दोन पिंपांवर आडवं टाकलंय. पहिल्या तपासणीला सगळे आपापल्या छत्र्या त्यावरच मांडतात. नवी मुलं छत्री उचलली की खाली आकडा बघून विचारतात, हे काय? आत्या पायऱ्यांजवळून मान न वळवता सांगते, "माझा वेग." मुलं डोळे मोठे करतात. दाढी माझ्याकडे बघतो. आणि मी खरा हिशोब सांगायचं सोडून स्वतःचा छातीचा पट्टा परत परत बघत बसते, जसा काही आधी बघितलाच नव्हता.