पान चौदावरची चिठ्ठी

हो, मीच बोलतेय. वॉर्डातल्या कॉम्प्युटरच्या टेबलाला सुतळीने बांधलेली निळी वही. मी कुणालाही माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे शेवटी काही गोड ऐकायला मिळेल म्हणून कुणी ताटकळत बसायला नको.

मला थोरल्या सिस्टरनी आणलं. वॉर्डात कॉम्प्युटर आला तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. भल्याभल्यांना न सापडणारी शीर एका दमात शोधणारा त्यांचा हात, पण पहिल्या दिवशी त्याला माउसचा बाण पडद्यावर सापडेना. बाई मात्र चिवट. जे जमलं ते रोज दुपारी माझ्यात उतरवायच्या, एका ओळीत एकच गोष्ट. 'आधी नाव. मग वय बघावं, एका नावाचे दोघे असतात.'

त्यांनी दोन नियम घातले. जो शिकेल त्याने माझ्या शेवटच्या पानावर सही करायची, शेजारी शिकवणाऱ्याचं नाव लिहायचं आणि मग पुढे एकाला शिकवायचं. दुसरा नियम असा की, कॉम्प्युटरमध्ये काही बदललं तरी जुनं खोडायचं नाही. नवं पुढच्या कोऱ्या पानावर लिहायचं आणि जुन्या पानाला चिठ्ठी टाचायची.

"अहो ताई, सरळ काट मारा ना!" धाकट्या सिस्टर म्हणाल्या.

"काट मारलेलं माणूस विसरतं गं. चूक डोळ्यांसमोर राहिली की पुन्हा होत नाही."

वर्षभरात चोवीस सह्या झाल्या. बेड रिकामा झाल्याची नोंद करायला तर सफाईवाल्या मावशीही शिकल्या.

मग टायवाले साहेब आले. नवे प्रशिक्षण अधिकारी. त्यांना कॉम्प्युटर येत होता, वॉर्ड येत नव्हता.

"सिस्टर, एक दिवस वही देता?"

"देता काय, वॉर्डाचीच आहे. न्या," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. भोळी माझी बाई!

साहेबांनी सुतळी सोडली, मला आपल्या केबिनमध्ये नेलं आणि मोबाइलवर माझ्या एकेका पानाचा फोटो काढला. पान चौदावर चिठ्ठी आडवी आली. तिच्यावर लिहिलं होतं, 'थांबा! हिरवं बटण आता दाबू नये. पान एकतीस बघा.' त्यांनी वाचली नाही, ओढली. माझा कोपरा टरकन फाटला आणि चिठ्ठी टेबलाखाली गेली. पंचविसाव्या पानावर त्यांना कंटाळा आला.

महिन्याभरात गुळगुळीत पुस्तिका छापून आली. आत साहेबांचा फोटो आणि माझी पंचवीस पानं. सिस्टरांचं नाव औषधालाही नाही.

मेट्रनबाईंनी सिस्टरना बोलावलं. "आता शिकवायचं काम साहेबांकडे. तुमच्याकडे कसलं प्रमाणपत्र नाही. तुम्ही तळघरात जुन्या फायली बघा."

"बरं," एवढंच त्या म्हणाल्या. मला वॉर्डातल्या टेबलाच्या खालच्या खणात, संपलेल्या सेलांच्या शेजारी टाकलं गेलं. वहीला हातपाय नसतात, पण घाईही नसते. मी एकतीस नंबरचं पान पोटाशी धरून पडून राहिले. तीन महिने.

एक दिवस तपासणीची मंडळी आली. साहेबांनी सगळ्यांना आमच्याच टेबलाभोवती उभं केलं. खणातून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"पाळी संपताना सगळे रुग्ण पुढच्या पाळीला कसे सोपवायचे, बघा. सगळी नावं निवडा. आता खालचं हिरवं बटण—"

"साहेब, तिथे जरा—" धाकट्या सिस्टर पुढे झाल्या.

"प्रश्न शेवटी!"

पूर्वी ते बटण पाळी बदलण्याचंच होतं. पण साहेब येण्याआधीच झालेल्या एका बदलात त्याच जागी, त्याच हिरव्या रंगात, घरी सोडण्याचं बटण बसलं होतं. यंत्राने बिचाऱ्याने 'नक्की का?' असं विचारलंसुद्धा. साहेबांनी ऐटीत 'नक्की' दाबलं.

बत्तीसच्या बत्तीस रुग्ण एका दमात घरी गेले! पडद्यावर.

लगेच स्वयंपाकघरातून फोन आला. "तुमचा वॉर्ड रिकामा दिसतोय. जेवणाची गाडी परत नेतो."

नऊ नंबरचे आजोबा बसल्या जागेवरून ओरडले, "मला घरी सोडलं म्हणता? मग माझ्या चपला द्या की!"

मी खणात मनसोक्त हसले. आजोबा उपाशी, याचं तेवढं वाईट वाटलं. बाकी कशाचंही नाही.

मेट्रनबाईंनी स्वयंपाकघराला गाडी माघारी आणायला सांगितलं आणि पडेल आवाजात म्हणाल्या, "थोरल्यांना बोलवा."

तेवढ्यात मावशींनी खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. "साहेब, हे तुमच्या टेबलाखाली पडलं होतं. अक्षर ताईंचं, म्हणून टाकवेना. तुमचं काही अडलं नाही ना?"

साहेबांनी आता ती चिठ्ठी वाचली. सगळ्यांसमोर.

थोरल्या सिस्टर आल्या. खण उघडला, माझ्यावरची धूळ तळहाताने पुसली आणि पान एकतीस काढलं. तळाशी लिहिलंच होतं, 'चुकून घरी सोडल्यास.'

"सिस्टर, तुम्हीच करून टाका ना पटकन," साहेब पुटपुटले.

"मी केलं तर तुम्हाला कसं येईल? बसा. आधी नाव. मग वय बघा."

बत्तीस वेळा. पाहुणे उभे, साहेब घामाघूम, आणि सिस्टरांचा आवाज एकदाही चढला नाही. शेवटचं नाव परत आलं तेव्हा त्यांनी माझं शेवटचं पान उघडून पेन पुढे केलं.

"सही करा. नियम आहे."

त्यांनी केली.

"आणि शेजारी, कुणी शिकवलं ते. स्पष्ट लिहा. पुढच्याला वाचता आलं पाहिजे."

आता सिस्टर वॉर्डात परत आल्या आहेत आणि मी सुतळीला. साहेब माझ्याजवळून जाताना नजर चुकवतात. सिस्टर म्हणतात, झालं गेलं सोडून द्यावं. त्यांनी खुशाल सोडावं. माझा कोपरा अजून फाटकाच आहे.

पानं सुटू लागली आहेत. आज ना उद्या मी रद्दीत जाणार. तुम्ही या वॉर्डात असाल तर एवढं करा. बाकी मला खुशाल रद्दीत द्या, पण शेवटचं पान काढून टेबलाच्या काचेखाली ठेवा. वरून पंचविसावी ओळ. पुढच्याला शिकवायच्या नियमापायी साहेबांना तिथे रोज बसावं लागतं.