दोरी कोणी ओढायची

माणूस शिव्या घालतो तेव्हा निदान कळतं तरी, की तो रागावलाय. गोड बोलणाऱ्याचं काय करायचं? आमचा कारखाना परदेशी कंपनीने विकत घेतला आणि नवा साहेब आला. पहिल्याच दिवशी तो प्रत्येक टेबलाशी थांबला, मान लववली आणि म्हणाला, "धन्यवाद." आपल्या भाषेतला तेवढा एकच शब्द पाठ करून आला होता. आता तुम्हीच सांगा, आपल्यात कोण कोणाला धन्यवाद म्हणतं? एक तर मतं मागायला आलेला, नाहीतर सभा संपवणारा. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. आम्ही त्याचं नाव धन्यवादसाहेब ठेवून दिलं.

आम्ही बकलं बनवतो. लहान मुलांना गाडीत बसवायची वेगळी खुर्ची असते ना, तिच्या पट्ट्याचं बकल. मी त्यात स्प्रिंग बसवते. पुढच्या टेबलावर माझी धाकटी जाऊ. ती झाकण लावते आणि ओढून बघते. तिला इथे मीच चिकटवली. आमच्या ह्यांचं काम सुटलेलं, भाऊजींचं आज आहे तर उद्या नाही, त्यामुळे घर चालायचं ते आम्हा दोघींच्या पगारावर. आणि माझे डोळे दगा द्यायला लागले होते. जवळचं सगळं अंधुक. स्प्रिंग मी बोटांनी चाचपून बसवायची. जुन्या मालकाच्या वेळी एक बाई डोळे तपासून आली, तर दुसऱ्या दिवशी तिच्या स्टुलावर दुसरीच बसलेली. म्हणून मी तोंडाला कुलूप घातलं होतं. घरातसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं.

मग धन्यवादसाहेबाने प्रत्येक टेबलावर वरून एक पिवळी दोरी सोडली. त्याच्याबरोबरची दुभाषी मुलगी समजावून सांगत होती, "काही चुकलेलं दिसलं की दोरी ओढा. सगळं काम थांबेल. कोणाला बोल लागणार नाही. साहेबांच्या देशात दोरी ओढणाऱ्याला मान असतो."

"आधी मान, मग मानेला धरून बाहेर," आमचा फोरमन मागून पुटपुटला. बायका खुदखुदल्या. दोरीला कोणी हात लावला नाही. शेजारणीची चूक चारचौघांत कोण दाखवणार? उद्या तिच्याच शेजारी बसायचंय.

ओढली ती आमच्या धाकटीने. एका बकलात स्प्रिंग तिरकी बसली होती. म्हणजे माझीच. सगळी यंत्रं थांबली, साहेब धावत आला, तिला धन्यवाद म्हणाला आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. माझ्या चुकीवर टाळ्या! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग तो माझ्याकडे वळला आणि दुभाषी मुलीकरवी त्याने अगदी मऊ आवाजात विचारलं, असं का झालं असेल? मी म्हटलं, स्प्रिंगच खराब आली. ती का खराब आली? मी म्हटलं, मला काय ठाऊक! का, का आणि का. पोलीस बरे, ते निदान दरडावून विचारतात.

घरी आल्यावर मी तिला गाठलं. "परत त्या दोरीला हात लावलास तर तुझं माझं बोलणं संपलं. वेगळी चूल मांड."

"अहो ताई, पण त्यात लहान मुलं बसणार..."

"मला अक्कल शिकवू नकोस!"

त्यानंतर दोरी कोणीच ओढली नाही. साहेब टेबलांमधून फिरायचा, दोऱ्यांकडे बघायचा, दुभाषी मुलीशी काहीतरी बोलायचा. चुका होतच नाहीत यावर त्याचा विश्वास बसत नव्हता, आणि त्याच्यावर माझा.

पण खरी नजर माझी धाकटीवर होती. कुठेतरी पाणी मुरत होतं. एखादं बकल हातात घ्यायची, माझ्याकडे चोरून बघायची आणि हात टेबलाखाली न्यायची. एप्रनचा खिसा फुगलेला. आधी आम्ही दोघी बरोबर घरी जायचो, आता "ताई, तुम्ही व्हा पुढे" म्हणायला लागली. मी काय समजायचं ते समजले. बया माझी खराब बकलं साठवतेय. एक दिवस सगळी साहेबापुढे ओतणार, परत टाळ्या मिळवणार आणि माझ्या स्टुलावर बसणार. हिला मी बोट धरून आणली आणि ही केसाने गळा कापायला निघाली! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शेवटी एके दिवशी सुटी झाल्यावर फाटकापाशीच मी तिचा खिसा धरला. "दाखव काय नेतेस ते!" ती मागे सरकली, खिसा टरकन फाटला आणि बकलं खडखड खाली पडली.

वॉचमनने शिट्टी फुंकली. "चोरी! मालाची चोरी!" बघता बघता गर्दी जमली. साहेब आला, मागोमाग दुभाषी मुलगी. वॉचमनने बकलं त्याच्यापुढे धरली. धाकटी हूं की चूं करेना. नुसती रडत होती.

मी खाली वाकून एक बकल उचललं, बोट आत घालून सावकाश चाचपलं. स्प्रिंग तिरकी. दुसरं उचललं. तिरकी. तेव्हा मला उमगलं. खराब मालाच्या पेटीत टाकली असती तर साहेब शोधत शोधत माझ्या टेबलापर्यंत आला असता. म्हणून ती रोज बाहेर नेऊन कुठेतरी फेकत होती. मुलांच्या खुर्चीत खराब बकल जाऊ देत नव्हती, आणि मलाही उघडं पाडत नव्हती.

गप्प बसले असते तर माझं काम राहिलं असतं. तीच चोर ठरली असती. मोह झाला नाही असं म्हणणार नाही.

"ती चोर नाही," मी म्हटलं. "ही माझ्या हातची बकलं आहेत. मला जवळचं दिसत नाही."

साहेबाने एक बकल लावलं आणि ओढलं. ते सटकन सुटलं. मग त्याने मला नाही, धाकटीला विचारलं. दुभाषी मुलगी म्हणाली, "साहेब विचारताहेत, तुम्ही दोरी का नाही ओढली? त्यांची भीती वाटली का?"

मी मनात म्हटलं, सांग बाई, सांग एकदा त्याच्या तोंडावर. त्याच्या गोड बोलण्यावर इथे कोणाचा विश्वास नाही म्हणावं.

धाकटीने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "साहेबांची कशाला वाटेल? ते फार तर कामावरून काढतील." मग माझ्याकडे न बघता तिने माझ्या दिशेला बोट केलं. "ह्यांची."

दुभाषी मुलगी घुटमळली. साहेब तिच्या तोंडाकडे बघत थांबला होता.

"सांग," मी तिला म्हटलं. "सांग त्याला."