अठरा मिनिटं, भाषणासकट

"दाजी, ह्या फिल्मना रकानामा शून्य लिखी टाका. दखानी गरजच नही," सुकदेवने गुणपत्रिका टेबलावरून पुढे सरकवली.

तोतारामनानांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. सुकदेव त्यांचा सख्खा शालक आणि धुळ्यातल्या या लघुपट स्पर्धेचा कर्ताधर्ता. अडतीस वर्षं टॉकीजच्या केबिनमध्ये मशीन चालवणाऱ्या नानांना परीक्षक केलं ते त्यानेच. एवढ्या वर्षांत पिक्चर कसा वाटला, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. म्हणून आज ते कडक इस्त्री करून आले होते.

"काय शे त्यामा?" नानांनी विचारलं.

"शिंदखेडानी कामिनी म्हनीन एक पोर शे. सालदारले न्यारी थाळी देतस, ती गोठामा ठेवतस, असं दखाडेल शे तिनी. बठ्ठी आपली बदनामी."

"तू दखी?"

"दखाले कसाले पाहिजे? मोबाइलवर बठ्ठा तेच सांगी राहिनात." मग त्याचा आवाज मऊ झाला. "आखाजी जवळ शे, दाजी. अक्काले माहेरले येनं शे ना?"

धमकी नानांना कळली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या बायकोचं, कुंदाबाईंचं, माहेर एकेचाळीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

तिघा परीक्षकांपैकी दुसरे, कॉलेजातले योगराज सर, हसले. "नाना, मी तर शंभरपैकी शंभर देऊन मोकळा झालो. असलं धाडस करतं कोण आजकाल?"

"तुम्ही पाहिली?"

"पाहायचं काय त्यात? विषयच एवढा मोठा आहे."

नानांना दोघांचाही सारखाच राग आला. एक न बघता फासावर देणार, दुसरा न बघता हार घालणार.

त्या रागाला जुनं कारण होतं. तरुणपणी एका पिक्चरवरून टॉकीजसमोर जमाव आला. पिक्चरमधली एक बाई गावच्या पाटलाला भर चावडीत जाब विचारते, तो प्रसंग कापा, असा त्यांचा हेका. मालक घाबरला. नानांनी न बघताच कात्री चालवली. संध्याकाळच्या खेळाला पाटलाने बाईला हाकललं तेवढंच पडद्यावर राहिलं, आणि लोकांनी त्या पाटलाला टाळ्या वाजवल्या. तिने विचारलेला जाब कापलेल्या रिळासकट नानांच्या डब्यात पडून होता. आजही त्या टाळ्या आठवल्या की त्यांना स्वतःची लाज वाटायची.

"पयले दखसू, मंग लिखसू," ते म्हणाले. "लावा फिल्म."

फिल्म अठरा मिनिटांची होती. पहिली बारा मिनिटं नाना पापणी लवू न देता बघत राहिले. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा सालदार गोठ्याच्या कोनाड्यातून चेपलेली थाळी काढतो, जेवतो, घासतो, पुन्हा ठेवतो. कुणी त्याला वाईट बोलत नाही, सगळी माणसं चांगलीच आहेत. ही थाळी नानांच्या ओळखीची होती. पुढची सहा मिनिटं मात्र सालदार उभा राहून नुसतं भाषण ठोकतो. नाना जांभई दाबत शेवटपर्यंत बसले आणि मग त्यांनी आकडा लिहिला: एकाहत्तर.

बाकीच्या सगळ्या फिल्मा पाहून झाल्यावर त्यांनी गुण पुन्हा ताडून पाहिले. तिसऱ्या परीक्षकाचीही बेरीज आली, आणि कामिनीची फिल्म दुसरी ठरली.

"एवढं भिऊन कसं चालेल, नाना?" योगराज सर म्हणाले. सुकदेव मोबाइल कानाला लावत बाहेर निघून गेला.

निकालाचा कागद घेऊन कामिनीने त्यांना दारात गाठलं. पोरीचे डोळे तापलेले होते. "एकोणतीस कुठे कापले?"

"भाषणात. थाळीने सगळं सांगितलं होतं, बेटा. तुझाच तिच्यावर भरवसा नव्हता."

"ते भाषण माझ्या वडिलांचं आहे. ते सालदार होते. त्यांना कधी बोलायला मिळालं नाही."

"मग ठेव," नाना म्हणाले. "माझे गुण तेवढेच राहतील. पण तू ठेव."

ते घरी पोहोचले तेव्हा कुंदाबाई पायरीवर गहू निवडत होत्या. आखाजीच्या पिशवीत घड्या केलेली दोन लुगडी दिसत होती. सूप न थांबवता त्या म्हणाल्या, "सुकदेवना फोन उना व्हता. त्या थाळीना पिच्चरपायी यंदा येऊ नको म्हने."

नाना शेजारी टेकले. या बाईचा काय गुन्हा होता?

कुंदाबाईंनी सूप थांबवलं. "थाळी कशानी व्हती?"

"जर्मलनी."

"कोरले चेपेल?"

"हाव."

"आमना गोठामा बी व्हती," कुंदाबाई गव्हाकडे बघत म्हणाल्या. "सालदार हिलालनी. वरथून भाकर टाकेल शे मी त्यामा. सुकदेवनीबी टाकेल शे." त्यांनी लुगडी पिशवीतून काढून मांडीवर घेतली. "सांगा, काय शे पिच्चरमा. बठ्ठं सांगा."

नानांनी चष्मा काढला आणि पहिल्या मिनिटापासून सुरुवात केली. काही गाळलं नाही. शेवटचं भाषणही त्यांनी आठवेल तसं, पूर्ण सहा मिनिटं सांगितलं.