मुक्ताबाईचं कडं

मुक्ताबाईने भिंत पाहिली, भिंतीमागचा उकिरडा पाहिला, परत भिंत पाहिली. सकाळी धुऊन सुकत ठेवलेलं रबरी कडं गायब. उद्या थोरल्या लेकीचं, चांगुणाचं लग्न, आणि नेमकं आजच हे.

धाकट्याच्या बाळंतपणापासून नऊ वर्षं तिचं असं होतं: खोकला आला, शिंक आली, हसू फुटलं, की लुगडं ओलं. म्हणून हातात सदा पाण्याचा तांब्या. वेळ आली की तांब्या अंगावर सांडायचा. गावाने तिला वेंधळी ठरवून टाकलं, तिनेही ठरवू दिलं. तीन महिन्यांपूर्वी श्रीरामपूरच्या एका दवाखान्यात सुनीती डॉक्टरीणबाईंनी आतून हे कडं बसवलं, काढायघालायला शिकवलं, गळती थांबली आणि तांब्या सुटला. घरी मात्र तिने गुडघ्याचं दुखणं सांगितलं होतं. आता उद्या कन्यादानाला चारशे माणसांसमोर बसायचं, तेही होमाच्या धुरात.

तेवढ्यात नवरा, सहादेव मिस्त्री, हात पुसत आला. तालुक्यातली निम्मी इंजिनं त्याच्या हातची.

"मांडवाच्या पान्याचं मिटलं बग. शेजारच्या आप्पासाहेबाच्या हिरीवरचा पंप हवा वढत हुता. आपल्या भिंतीवर एक झकास वायसर घावलं, दिलं पाइपाच्या जोडात बशीवून. आता थेंब गळत न्हाई."

मुक्ताबाईने त्याला बाजूला ओढलं. "त्ये माजं हाय."

"तुला कशाला वायसर?"

तिने जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. सहादेव बराच वेळ तळहातावरचं काळं खरवडत राहिला.

"नऊ वर्सं?"

"व्हय."

"आन मी चारचौघांत तुला वेंधळी म्हनायचो." तो म्हणाला, "मला सांगायचं न्हाई?"

"सांगून काय? पाना घिऊन आला असता."

त्याला हसू आलं आणि आलंही नाही. "काढून आनू त्ये?"

"गिरीसात न्हायलेलं? आन चारशे मान्सांनी प्यायचं काय?"

दुपारच्या यष्टीने दोघं श्रीरामपूरला निघाली. घरात बांगड्यांचं निमित्त सांगितलं. नणंद रंगुबाईने पाहुण्यांदेखत विचारलं, "लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिशी आयबापाला बांगड्यांची हौस?"

"तुलाबी आनतो डझनभर," सहादेव म्हणाला.

दवाखान्यात बायकांच्या रांगेत तो एकटा पुरुष, टोपी हातात घेऊन उभा. नंबर आला तेव्हा मुक्ताबाईची मान वर होईना. मग यंत्राची तक्रार सांगावी तसं त्यानेच सांगितलं.

"बाई, तुमच्या मालात खोट न्हाई. चूक माजी. मी त्ये पंपाला बशीवलं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग? चालला का पंप?"

"लई झ्याक."

बाई टेबलाचा खालचा खण उघडून वाकल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. खांदे तेवढे हलत होते. वर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते.

"नवीन बसवून देते. पण हे बायकोचं आहे, लक्षात ठेवा."

"व्हय. त्याच मापाचं एक जादा मिळंल का?"

"नाही."

येताना रंगुबाईच्या डझनभर बांगड्या तेवढ्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी कन्यादान सुखरूप पार पडलं. मग होम पेटला. लाकडं ओली निघाली, मांडवभर धूर झाला. मुक्ताबाईच्या नाकात हुळहुळलं. तिने पदर नाकाशी धरला, श्वास कोंडला, डोळे मिटले. पहिली शिंक आली. लगेच दुसरी. तिसरी अशी आली की भटजींचा मंत्र मधेच तुटला आणि सगळा मांडव तिच्याकडे बघायला लागला.

शेजारी सहादेव होमावर नजर खिळवून ताठ बसला होता. ओठ न हलवता त्याने विचारलं, "बरी हायेस?"

मुक्ताबाई क्षणभर आपल्याशीच काही चाचपत असल्यासारखी बसली. मग तिने डोईवरचा पदर नीट केला, ऐटीत मांडी बदलली आणि भटजींकडे पाहिलं.

"म्हना की फुडं."