पायऱ्यांवरची सावली

माझ्या फोटोंत चेहरे नसतात. संध्याकाळी उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं आणि माणूस उजेडाच्या आड आला की बटण दाबायचं. माणसाचा नुसता काळा आकार उरतो, त्याची सावली लांबत आपल्या पायांशी येते. चेहराच नाही म्हटल्यावर कुणाची परवानगी नको, कुणाचा रुसवा नको. या युक्तीचा मला भारी अभिमान होता.

त्या दिवशी वर्तमानपत्राच्या पुरवणीत माझा फोटो पानभर छापून आला. दगडी पायऱ्या उतरणारी लांब कोटातली बाई, मान किंचित कललेली, सावली पायरीपायरीवर दुमडत गेलेली. कोपऱ्यात घड्याळाच्या दुकानाची पाटी. दुपारी आईचा फोन आला. आई पेपर जेवणं उरकल्यावर वाचते.

"धाकटीला कशाला छापलंस पेपरात?"

"धाकटी कुठली? अगं, वाटेवरची कोणीतरी बाई आहे ती."

"वाटेवरची? मान बघ तिची. पिशवी कशी पोटाशी धरलीय बघ. पाठच्या बहिणीला ओळखत नाहीस होय गं? मोठी फोटोवाली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

मी पान पुन्हा उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. धाकटीच होती.

नवऱ्याच्या माराला कंटाळून ती घराबाहेर पडली, तेव्हा कुठे राहते ते तिनं आम्हालाही सांगितलं नाही. "तुम्हाला ठाऊक नसलं की तो तुमच्याकडून काढून घेणार नाही," एवढंच म्हणाली. फोनही टाकून दिला. त्यानं गाव पालथं घातलं होतं. आणि मी तिचा पत्ता दुकानाच्या पाटीसकट छापून मोकळी झाले होते. तो तर पेपर सकाळीच वाचतो, जाहिरातींसकट.

त्या पायऱ्यांच्या वर एक शिवणकामाचा कारखाना आहे. मशीनवर धाकटीचा हात चांगला, म्हणजे ती तिथेच असणार. बाजाराकडून येणारी वाट पायऱ्यांना मध्यावर मिळते. मी तिथून धापा टाकत पोचले. खाली पाहिलं तर तो उभा होता. हातात घडी घातलेली पुरवणी, डोळे वर लावलेले. उन्हामुळे त्याला मी दिसले ती नुसता काळा ठिपका. त्याला चढणाऱ्या बाईशी काही देणंघेणं नव्हतं.

कारखाना सुटायच्या बेतात होता. मला दारात बघून धाकटीचा चेहरा खुलला, मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि तो विझला.

"तो आलाय," मी म्हणाले. "माझ्यामुळे. मागे दुसरा रस्ता आहे का?"

"नाही गं ताई. एवढ्याच पायऱ्या."

मला रडू आलं, पण रडत बसायची ती वेळ नव्हती.

"कोट दे तुझा. पिशवी पण. मी बाजाराकडे वळते. तो माझ्या मागे लागला की तू सरळ खाली उतर आणि बस पकड. मग कुणाच्या तरी फोनवरून आईला कळव, पण जाऊ नकोस तिकडे."

"ताई, तो चिडला ना की बघत नाही समोर कोण आहे ते."

"बघू दे नाहीतर न बघू दे. तू जा."

मी पायऱ्या उतरू लागले. आयुष्यभर लोकांच्या चालींवर डोळा ठेवून पोट भरलं, पण माझी बहीण कशी चालते ते मला आठवेना. आई बोलली तसं केलं. पिशवी पोटाशी, मान कलती. मध्यावर बाजाराच्या वाटेला वळले. खालून दोन-दोन पायऱ्या चढणारे बूट ऐकू आले.

दोन्ही बाजूंना भिंती, वाट अरुंद. मागची पावलं जवळ येत होती. मागे बघायची सोय नव्हती, चेहरा दिसला असता. मग माझी मान आपोआप आणखी वळली आणि एक कान मागे लागला. तेव्हा कळलं, धाकटी अशी का चालते ते. मला तो मानेचा कोन फार सुंदर वाटला होता.

त्याची सावली पुढे येऊन माझ्या सावलीवर चढली. मी पिशवी घट्ट धरली आणि पावलं लहान केली. तिला बसपर्यंत पोचायला वेळ लागणार होता.