खंडेनवमीला मी वाजलो

मी एक जुना, बटणांचा मोबाइल आहे. माझ्यावरचा पाचाचा आकडा पुसला गेलाय. पण मित्रांनो, घंटी अजून तीन खोल्यांपलीकडे ऐकू जाते!

नवा होतो तेव्हा दापोडीच्या सुमनताईंनी मला खूप मिरवलं. मग मोठ्या पडद्याचे फोन आले आणि मी कपाटात, संपलेल्या सेलांच्या शेजारी जाऊन पडलो. पुन्हा बाहेर निघालो तो ताईंच्या गटासाठी.

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतलेली माणसं दर गुरुवारी ताईंकडे जमतात. माणूस केंद्रातून आला की घरच्यांना वाटतं, सुटलो. खरी परीक्षा तिथून पुढे! म्हणून मी दर आठवड्याला एकाच्या खिशात राहतो. कुणाला प्यावंसं वाटलं, तर त्याने मला फोन लावायचा. मी ज्याच्याकडे, त्याने धावायचं.

खंडेनवमीच्या आठवड्यात ताईंनी मला समाधानकडे दिलं. चाकणच्या एका कंपनीत फिटर. केंद्रातून येऊन जेमतेम दोन महिने झालेले.

"ताई, मलाच कुणीतरी सांभाळायला पाहिजे!"

"मग आधी ह्याला सांभाळ. चार्जिंग विसरशील, बघ."

खंडेनवमीला मशिनींना झेंडूचे हार घातले, पेढे वाटले, दुपारीच सुट्टी झाली. गेटबाहेर टेम्पो उभाच होता. पूजेनंतरची दारूची बैठक दरवर्षी ठरलेली.

"चल की भावा, नुसता बस. कोल्ड्रिंक घे."

"नुसतं बसायला तो काय मशीन आहे का?" दुसरा हसला.

समाधान टेम्पोत चढला. त्याच्या छातीवरच्या खिशात मी होतो. केवढं धडधडत होतं आत! मला हात असते, तर कान धरून उतरवलं असतं.

तेवढ्यात मी वाजलो. आणि काय वाजलो!

"समाधान, मी कोंडाजी." हे आमच्याच गटातले साठीतले काका. "मोशीत दारूच्या दुकानाम्होरं उभा हाय रं. पाय निघंना."

"काका, आत जाऊ नका! बोलत राहा माझ्याशी. आलोच."

समाधानने उडीच मारली. बसमध्ये तो वाटभर बोलत होता. मी तापून लाल, बॅटरीची शेवटची काडी. पण विझलो नाही!

मोशीत दोघं उसाचा रस प्यायला बसले.

"तुला न्हाई व्हय रं इच्छा व्हत?"

"टेम्पोत बसलो होतो, काका. तुमचा फोन आला म्हणून उतरलो."

कोंडाजींनी ग्लास खाली ठेवला. "म्हंजे मी वाचवलं तुला? मग रस तू पाज!"

मित्रांनो, तुमच्या गल्लीत कुणी उपचार घेऊन परतलं असेल, तर पहिल्या दिवशी ओवाळून मोकळे होऊ नका. दोन महिन्यांनी, सणाच्या दुपारीही विचारा, "जेवलास का? कुठे आहेस?" आणि कधी त्याला एखादं काम सांगा. त्याचीही कुणाला तरी गरज आहे, हे त्याला कळू द्या.